गावाचा वारसा आणि अनुदानाचा अर्ज

महाराष्ट्रात असे गाव विरळाच, की जेथे वेशीजवळ एखादा वीरगळ, शिवारात एखादी बारव, किंवा देवळाच्या ओवरीत एखादा झिजलेला शिलालेख आढळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या वस्तू गावकऱ्यांच्या नजरेसमोर आहेत. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते भिंत ढासळल्यावर किंवा मूर्ती चोरीस गेल्यावर. मग ग्रामसभेत विषय निघतो, ठराव होतो, आणि "शासनाकडून अनुदान मिळावे" असा एक पानी अर्ज तालुक्याच्या गावी रवाना होतो. वर्ष उलटते, दुसरा पावसाळा येतो, भिंतीचे आणखी चार दगड खाली येतात. अर्जाचे मात्र काहीच होत नाही.

अर्ज मागे पडण्याचे कारण दर वेळी निधीचा अभाव हेच असते असे नाही. पुष्कळदा अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेलेला असतो. जागा कोणाच्या मालकीची हे त्यात लिहिलेले नसते. काम नेमके कोणते, त्यास खर्च किती आणि पुढे देखभाल कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे त्यात सापडत नाहीत. याहून दुःखाची गोष्ट अशी, की काही वेळा अर्ज मंजूर होतो, पैसाही मिळतो, आणि त्या पैशातूनच मूळ वास्तू कायमची बिघडते. म्हणून वारशाच्या जतनासाठी अर्ज करणे हा केवळ कारकुनी व्यवहार नव्हे. आपल्याजवळ काय आहे, ते कोणाचे आहे आणि ते कसे टिकवावयाचे, याचा गावाने शांतपणे केलेला अभ्यास म्हणजेच चांगला अर्ज होय.

एक उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक गाव डोळ्यांसमोर आणावे. गावाच्या पूर्वेस घडीव दगडांची एक जुनी बारव आहे. तिला तीन बाजूंनी पायऱ्या असून भिंतीत दोन रिकामी देवकोष्ठे आहेत. एका कोपऱ्यात पिंपळ रुजला आहे आणि तळाशी पुरुषभर गाळ साचला आहे. मारुतीच्या देवळामागे पाच वीरगळ आडवे पडले आहेत. शाळेच्या कपाटात मोडी कागदांचे एक दप्तर आहे. ते कोणी आणून ठेवले हे आता कोणास सांगता येत नाही.

गावाने अर्ज केला तो असा : "बारवेचे सुशोभीकरण करणे, पायऱ्यांना फरशी बसविणे, सभोवती पेव्हर ब्लॉक टाकणे, पोलादी कठडा लावणे, वीरगळांना ऑईलपेंट देऊन चौथऱ्यावर सिमेंटात बसविणे."

हेतू शुद्ध आहे, यात शंका नाही. परंतु या अर्जातील पहिलाच शब्द घातक आहे. सुशोभीकरण आणि जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुशोभीकरणात नवे काहीतरी जोडले जाते. जतनात जुने आहे ते टिकविले जाते. फरशीखाली मूळ पायरी झाकली जाते. रंगाच्या थराखाली वीरगळावरील शिल्पाचे बारकावे बुजतात आणि दगडाची रंध्रे बंद होतात. ज्या वस्तूसाठी पैसा मागावयाचा तीच वस्तू त्या पैशाने नाहीशी होणार असेल, तर जाणकार छाननी अधिकारी असा प्रस्ताव परत पाठवितो, आणि ते योग्यच म्हणावे लागेल.

प्रथम नोंद, मग मागणी

अर्जाची खरी सुरुवात होते ती नोंदीपासून. गावात काय काय आहे याची यादी शाळेच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने एका महिन्यात करता येण्यासारखी असते. प्रत्येक वस्तूस क्रमांक द्यावा. ती कोठे आहे, लांबी-रुंदी किती, दगड कोणता, सध्याची स्थिती कशी, हे लिहावे. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. झिजलेला लेख दुपारच्या उन्हात वाचता येत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात किंवा एका बाजूने विजेरी धरून छायाचित्र घेतल्यास अक्षरे उठून दिसतात. अक्षरांत खडू, कोळसा किंवा तेल भरू नये. शिलालेखाचा ठसा घेण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडेच सोपवावे.

वस्तूची ओळखही नीट करून घ्यावी. वीरगळावर सामान्यतः तळाच्या चौकटीत युद्धप्रसंग, मधल्या चौकटीत वीरास स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात असतो. गद्धेगाळ हा दानाचा भंग करणाऱ्यास शाप सांगणारा दगड असून कोकणात शिलाहारांच्या काळातील असे अनेक दगड मिळाले आहेत. चुन्याविना, दगडात दगड गुंतवून केलेल्या बांधणीस लोक "हेमाडपंती" म्हणतात. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकात होऊन गेला; परंतु या पद्धतीची बांधकामे त्याच्याही पूर्वीपासून होत होती. तेव्हा प्रत्येक हेमाडपंती देऊळ हेमाडपंताने बांधले असे अर्जात लिहू नये.

दंतकथेबाबतही हाच विवेक हवा. "ही बारव पांडवांनी एका रात्रीत खोदली" ही आठवण जरूर टिपावी. तीही गावाचे धनच आहे. पण ती दंतकथा म्हणून टिपावी, इतिहास म्हणून नव्हे. इतिहासासाठी जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात गावाचा उल्लेख मिळतो का, याची चौकशी करावी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशा साधनांचा संग्रह करीत आले आहे. शाळेच्या कपाटातील मोडी दप्तर एखाद्या जाणकाराने वाचले तर बारवेच्या दुरुस्तीचा जुना खर्चही त्यात निघू शकेल. कागदाचा असा एक पुरावा अर्जातील दहा विशेषणांपेक्षा अधिक वजनदार ठरतो.

केंद्र शासनाने २७ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या "मेरा गाव मेरी धरोहर" या उपक्रमात गावागावांतील सांस्कृतिक वारशाची माहिती संकलित करण्यात येते. गावाने स्वतःची नोंदवही तयार ठेवली असेल, तर अशा कोणत्याही पाहणीच्या वेळी ती उपयोगी पडते.

मालकी कोणाची, संरक्षण कोणाचे?

यादी झाली की दुसरा प्रश्न येतो तो मालकीचा. बारवेचा सातबारा उतारा काढावा. गावठाणात असल्यास मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ पाहावा. जागा ग्रामपंचायतीची आहे, गायरान आहे, वनखात्याची आहे, देवस्थानची आहे, की कोणा शेतकऱ्याच्या खासगी मालकीची आहे, हे कागदावर सिद्ध झाले पाहिजे. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. अशा वेळी विश्वस्तांचा ठराव जोडल्यावाचून प्रस्ताव पूर्ण होत नाही. खासगी जागेत शासकीय पैसा खर्च करता येत नाही, ही सर्वसाधारण मर्यादा ध्यानात ठेवावी. मालक राजी असेल तर बक्षीसपत्र अथवा योग्य करार करून मगच पुढे जावे.

मालकीइतकाच संरक्षणाचा दर्जा महत्त्वाचा आहे. या दृष्टीने वास्तूंचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचा. ही स्मारके १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंतचे क्षेत्र विनियमित असते. तेथे ग्रामपंचायतीने साधी भिंत जरी बांधावयाची म्हटले तरी आधी नियम पाहावे लागतात.

दुसरा वर्ग राज्य संरक्षित स्मारकांचा. महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० अन्वये राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय त्यांची देखभाल करते. या दोन्ही वर्गांतील वास्तूंवर गावाने परस्पर कोणतेही काम हाती घेऊ नये. तेथे गावाची भूमिका राखणदाराची व पाठपुरावा करणाऱ्याची असते.

तिसरा वर्ग असंरक्षित वास्तूंचा. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य बारवा, वीरगळ, समाध्या, वेशी आणि लहान देवळे याच वर्गात मोडतात. कायद्याचे कवच नसल्याने धोका यांनाच अधिक, आणि गावाच्या पुढाकाराला वावही येथेच अधिक. वास्तू तितकी महत्त्वाची असल्यास ती राज्य संरक्षित व्हावी म्हणून संचालनालयाकडे प्रस्ताव पाठविता येतो.

निधी कोठून मिळू शकतो?

एकच अर्ज सर्व दारी फिरविण्यापेक्षा कामाचा प्रकार पाहून दार निवडणे श्रेयस्कर.

ग्रामपंचायतीने प्रथम स्वतःच्या विकास आराखड्याकडे पाहावे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांची यादी आहे. तिच्यात ग्रंथालये, सांस्कृतिक कार्ये आणि सामूहिक मत्तेची देखभाल हे विषय आहेत. बारव ही सामूहिक मत्ताच होय. आराखड्यात काम नसेल तर वरिष्ठ कार्यालयापुढे त्याची बाजू मांडणे अवघड जाते.

दुसरे दार जिल्हा वार्षिक योजनेचे. या योजनेतून गड-किल्ले, मंदिरे आणि महत्त्वाची संरक्षित स्मारके यांच्या जतनासाठी निधी देण्याची सोय आहे. यात्रास्थळांच्या बाबतीत तीर्थक्षेत्र विकासाच्या योजना आहेत. परंतु त्यांचा भर यात्रेकरूंसाठी रस्ते, पाणी, स्वच्छतागृहे, निवारा अशा सुविधांवर असतो, हे विसरू नये. सुविधांसाठी आलेला पैसा जुन्या गाभाऱ्यावर फरशी चढविण्यात खर्ची पडणे हा योजनेचा हेतू नव्हे.

तिसरे दार राज्य संरक्षित स्मारकांपुरते आहे. "महाराष्ट्र वैभव – राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना" या नावाच्या योजनेखाली संस्था किंवा व्यक्ती शासनाशी करार करून स्मारकाच्या संगोपनाची जबाबदारी घेऊ शकतात.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाकडे वस्तुसंग्रहालये, अमूर्त वारसा आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांसाठी साहाय्याच्या योजना आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांना १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचे साहाय्य मिळते. १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन करण्यात आला. विशिष्ट वारसाकार्यासाठी देणगीदारांचा पैसा या निधीमार्फत स्वीकारता येतो. केंद्राचे अनुदान मागणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने नीति आयोगाच्या "दर्पण" संकेतस्थळावर आपली नोंदणी आधी करून घेतली पाहिजे.

उद्योगांचा पैसा हेही एक महत्त्वाचे साधन आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटी रुपयांची उलाढाल किंवा ५ कोटी रुपयांचा निव्वळ नफा, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे संरक्षण आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती व स्थळे यांचा जीर्णोद्धार, हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. काम न्यासामार्फत व्हावयाचे असल्यास त्या न्यासाची आयकर कायद्याखालील नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी आणि तीन वर्षांच्या कार्याचा पुरावा तयार असावा. तालुक्यातील औद्योगिक वसाहतीतील कारखान्याकडे गावाने हात पसरू नये. पूर्ण तयारीचा प्रस्ताव घेऊन जावे.

प्रस्तावात काय असावे?

प्रस्तावाचे रूप योजनेगणिक बदलते. पण त्याचा गाभा सर्वत्र सारखाच असतो. पुढील आठ बाबी त्यात आल्या, तर छाननी करणाऱ्यास बहुधा पुन्हा विचारणा करावी लागत नाही.

(१) वास्तूचे वर्णन, स्थान व मोजमापे. (२) तिचे महत्त्व, उपलब्ध पुराव्यासह. (३) मालकीचे कागद आणि संरक्षणाचा दर्जा. (४) सध्याची स्थिती, नकाशे व छायाचित्रे यांसह. (५) प्रस्तावित काम, टप्प्याटप्प्याने. (६) अंदाजपत्रक व लोकवाटा. (७) ग्रामसभेचा ठराव. (८) काम झाल्यानंतरच्या देखभालीची व्यवस्था.

"महत्त्व" या सदरात अतिशयोक्ती टाळावी. "जगातील एकमेव", "अद्वितीय", "अतिप्राचीन" असे शब्द छाननी करणाऱ्यांनी शेकडो वेळा वाचलेले असतात. त्यापेक्षा "बारवेला तीन बाजूंनी प्रत्येकी २८ पायऱ्या असून उत्तर भिंतीत दोन देवकोष्ठे आहेत, १९७२ च्या दुष्काळात गावाने याच बारवेचे पाणी वापरल्याचे वृद्ध गावकरी सांगतात" असे साधे, तपासून घेता येईल असे वाक्य लिहावे. आकडे आणि आठवण या दोहोंना त्यात जागा मिळते.

उदाहरणातील गावाने आपला प्रस्ताव या रीतीने नव्याने लिहिला, तर शीर्षकच बदलेल : "गावच्या बारवेचे दस्तऐवजीकरण, जतन व देखभाल." कामाचे टप्पेही निराळे होतील. पहिल्या टप्प्यात रेखाटने, मोजणी आणि धोक्याच्या भिंतीस तात्पुरता आधार. दुसऱ्यात गाळ काढणे व पिंपळाचा बंदोबस्त. तिसऱ्यात ढासळलेल्या भागाची मूळ दगडांनी पुनर्बांधणी. चौथ्यात पावसाचे पाणी दूर वळविणारी चर, माहितीफलक आणि वीरगळांसाठी साधा, ओल न धरणारा चौथरा.

गाळ काढण्याबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. गाळात मूर्तीचे तुकडे, नाणी, भांडी सापडण्याची शक्यता असते. म्हणून तेथे यंत्राचा दात लावू नये. गाळ हाताने, थराथराने काढावा व चाळावा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचे निखात धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. सापडलेली मूर्ती परस्पर देवळात बसविणे किंवा कोणाच्या घरी नेणे ही चूक भाविकपणाने घडली तरी कायद्याच्या दृष्टीने ती चूकच ठरते.

अंदाजपत्रक : चुना की सिमेंट?

अनेक प्रस्तावांचे भवितव्य ठरते ते अंदाजपत्रकात. शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो ते प्रचलित दरसूचीवरून. नित्याच्या बांधकामाचे दर तेथे हाताशी असतात. घाणीत मळलेल्या चुन्याचे, जुन्या घडणीच्या दगडकामाचे दर सहजासहजी सापडत नाहीत. परिणामी कागदावर सिमेंट येते, आणि कागदावर जे आले तेच कामावर उतरते.

सिमेंटास विरोध हा हट्ट नव्हे. त्यामागे कारण आहे. जुन्या भिंतीतील ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंट कठीण व घट्ट असल्याने ती वाट बंद होते. अडलेली ओल दगडातून बाहेर येऊ लागते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाशी साकळतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुना नसलेल्या सांधेबंद बारवेत तर आणखीच मोठा धोका असतो. भोवतालच्या जमिनीतील झरे दगडांच्या सांध्यांतून बारवेत उतरतात. ते सांधे सिमेंटने भरले तर पाणी भिंतीमागे तुंबते, भिंतीस पोट येते, आणि ज्या पाण्यासाठी बारव बांधली गेली ते पाणीच आटते. बाहेरून दुरुस्त दिसणारी बारव आतून निकामी होते.

म्हणून अंदाजपत्रकासोबत चुनाकामाचे व दगडकामाचे स्वतंत्र दर पृथक्करण जोडावे. ते करण्यासाठी पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाचा किंवा जतनकार्याचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाचा सल्ला घ्यावा. १९८४ साली स्थापन झालेल्या "इंटॅक" या संस्थेच्या शाखांकडूनही असे मार्गदर्शन मिळू शकते. सल्ल्याचे शुल्क, दस्तऐवजीकरणाचा खर्च आणि पहिल्या काही वर्षांची देखभाल या बाबी अंदाजपत्रकात उघडपणे दाखवाव्यात. त्या लपविल्या तर पुढे दगडकामातूनच कपात होते.

कामाचे वेळापत्रक ऋतूंशी जुळले पाहिजे. शासकीय निधी पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या अखेरीस हाती येतो. मार्चअखेर पैसा खर्च करण्याच्या घाईत गाळ काढला, भिंत उघडी केली, आणि जूनमध्ये पाऊस आला, तर उघडी भिंत कोसळण्याचा धोका असतो. गाळ उन्हाळ्यात पाणी तळाशी गेल्यावर काढावा. चुन्याचे काम पावसाळा सरल्यावर हाती घ्यावे व ते पुरेसे दिवस ओले ठेवावे. एवढे दोन ऋतू प्रस्तावात स्पष्ट मागून घ्यावेत.

वारसा कोणाचा?

ग्रामसभेचा ठराव हा अर्जास जोडावयाचा केवळ एक कागद नव्हे. बारव कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्या ठरावात असते.

महाराष्ट्राच्या इतिहासात पाणवठ्याचा प्रश्न हा माणुसकीचा प्रश्न ठरलेला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे ठरविले. तरीही प्रत्यक्षात ते पाणी त्यांना घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतरची न्यायालयीन लढाई १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपली. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने शासनाच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा सार्वजनिक वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरास जात, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून आडकाठी करण्यास मनाई केली.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या बारवेवर अनुदानाचा एक रुपया खर्च होईल, ती बारव गावातील प्रत्येक माणसाची आहे. म्हणून ठराव करताना सर्व वस्त्यांतील लोक, विशेषतः स्त्रिया, ग्रामसभेस उपस्थित असावेत. बारवेशी ज्यांचा संबंध पूर्वी नाकारला गेला, त्यांच्या आठवणीही नोंदवहीत याव्यात. त्या आठवणी कडू असतील. पण गावाचा वारसा म्हणजे केवळ गौरवाची यादी नव्हे. देखभाल समितीत सर्व वस्त्यांचे प्रतिनिधी असतील, तर काम पुरे झाल्यावर बारवेस कुलूप लागणार नाही आणि ती एका गटाची मत्ता बनणार नाही.

लोकवाटाही असाच व्यापक असावा. तो केवळ रोख वर्गणीचा असतो असे नाही. श्रमदान, वाहतुकीसाठी बैलगाडी अथवा ट्रॅक्टर, राखणदारी यांचे मोजमाप नोंदवहीत ठेवून त्याची किंमत दाखविता येते, मात्र योजनेच्या नियमांत तशी मुभा असली पाहिजे. लोकवाटा दिलेला माणूस पुढे बारवेत कचरा टाकू देत नाही. त्या रकमेचे खरे मूल्य येथे आहे.

मंजुरीनंतरची जबाबदारी

प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे कार्य संपले असे नव्हे. तांत्रिक मान्यता घेऊनच काम सुरू करावे. निधीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. मोजमाप पुस्तिका, हजेरी, पावत्या आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे तारखेनिशी जतन करावीत. जुना दगड काढण्यापूर्वी त्यास पुसता येईल अशा खुणेने क्रमांक द्यावा व तो रेखाटनावर दाखवावा, म्हणजे तो पुन्हा आपल्या जागी बसतो.

केंद्रीय अनुदानाच्या बाबतीत सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. अनुदानावर मिळालेले व्याजही परत भरावे लागते. एका गावाचे प्रमाणपत्र अडकले तर त्याच गावाचा पुढचा हप्ता थांबतो. पैसा योग्य कामी लागूनही केवळ कागद न पाठविल्याने काम अर्धवट राहणे, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

अखेरीस देखभाल. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, बारवेची पाहणी करून नोंदवहीत चार ओळी लिहाव्यात. सांध्यात उगवलेले रोप कोवळे असतानाच काढावे. पिंपळाच्या रोपट्यास आज पाच मिनिटे लागतात. दहा वर्षांनी त्याच झाडासाठी पुन्हा अनुदान मागावे लागते. ही पाहणी शाळेकडे सोपविली तर दर वर्षी एक नवी तुकडी बारव वाचावयास शिकेल.

जुलै २०२५ मध्ये "भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश" या नावाने बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील आहेत. राज्याच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्या गावांनी या किल्ल्यांना धान्य, माणूस आणि पाणी पुरविले, त्यांच्या वेशीतले वीरगळ आणि शिवारातल्या बारवा कोणत्याही यादीत नाहीत. त्यांची यादी गावानेच करावयाची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. या कर्तव्याचा आरंभ एक कोरी वही, एक मोजपट्टी आणि बारवेची उतरलेली पहिली पायरी एवढ्यानेही होऊ शकतो. अर्ज त्यानंतर लिहावा. तो अधिक खरा होईल, आणि मंजूर होण्याची शक्यताही अधिक राहील.